एक वीत म्हणजे किती फर्मी?

आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाची एक फळी वाळवीनं खाल्ली. नवी बसवायला सुतार आला, त्यानं टेप लावला, कानावरची पेन्सिल काढली आणि माप सांगितलं : सव्वादोन फूट, पाच सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शाळेच्या पुस्तकात तो शोधून सापडायचा नाही. दशमान मापं देशात येऊन सहा दशकं उलटली, तरी सुतार, प्लंबर, ग्रिलवाले यांचं सुतावाचून पान हलत नाही. सुतार हा शब्दच मुळी सूत्रधार, म्हणजे मापाची दोरी धरणारा, यावरून आलेला. तेव्हा त्याच्या तोंडी सूत असणं शोभतंच.

संध्याकाळी काही उद्योग नव्हता म्हणून त्या फळीची लांबी मी फर्मीत काढली. फर्मी हे अणूच्या गाभ्यातली अंतरं मोजण्याचं एकक. एका मीटरमध्ये एकावर पंधरा शून्यं इतके फर्मी मावतात. सव्वादोन फूट म्हणजे २७ इंच, त्यात पाच सूत मिळवले की २७.६२५ इंच. इंचाचे २५.४ मिलिमीटर धरले की ७०.१६७५ सेंटीमीटर, आणि फर्मीत ७०१६७५ वर आणखी नऊ शून्यं. गुणाकार चौथीतल्या मुलालाही जमेल असा. सगळी गोम शून्यं मोजण्यात आहे. मोबाइलवरचं रूपांतराचं ॲप ती शून्यं ‘ई’ या अक्षरामागे दडवतं आणि आपण तो आकडा न वाचताच पुढे सरकतो.

तो वाचायचा कसा? आपल्याकडे त्याची सोय फार पूर्वीच झालेली आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त दहादहापटीनं वाढणाऱ्या स्थानांची नावं दिली आहेत : कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. यातला अंत्य म्हणजे एकावर पंधरा शून्यं. म्हणजे एक मीटर हा बरोबर एक अंत्य फर्मी होतो! आपली वीत नऊ इंचांची धरली तर ती होते दोन जलधी, दोन शंकू, आठ महापद्म, सहा निखर्व फर्मी. आणि एक परार्ध फर्मी? शंभर मीटर. धावण्याच्या शर्यतीचा सरळ पट्टा. ज्या संख्येपाशी भास्कराचार्यांनी यादी थांबवली, ती संख्या एवढ्या अंतरात संपते.

गंमत अशी की याच ‘लीलावती’त लांबीची कोष्टकंही आहेत. आठ यव म्हणजे एक अंगुळ, चोवीस अंगुळं म्हणजे एक हात, चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश. यवाच्या, म्हणजे जवाच्या दाण्याच्या, खाली मात्र माप उतरत नाही. परार्धापर्यंत शब्द तयार होते, पण त्या शब्दांनी मोजावी अशी बारीक वस्तू हाती नव्हती.

खाली उतरायचा प्रयत्न इतरांनी केला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परमाणूपासून सुरुवात होते. आठ परमाणू म्हणजे रथाच्या चाकानं उडवलेला धुळीचा एक कण, अशा आठांची एक लीख, आठ लिखांची एक ऊ, आठ उवांचा एक यव, आठ यवांचं एक अंगुळ. म्हणजे एका अंगुळात आठचा पाचवा घात, ३२७६८ परमाणू. अंगुळ पावणेदोन-दोन सेंटीमीटरचं मानलं तर हा परमाणू मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास येतो. आकार एखाद्या जिवाणूचा. दिसत नाही, पण अणूपेक्षा हजारो पट मोठा.

बौद्धांच्या ‘ललितविस्तर’ ग्रंथातली शिडी आणखी खोल जाते. तिथे अर्जुन नावाचा गणिती तरुण बोधिसत्त्वाची परीक्षा घेतो आणि बोधिसत्त्व सातासातांच्या पायऱ्यांनी परमाणूपासून बोटाच्या पेरापर्यंत येतो. वाटेत झरोक्यातल्या उन्हातली धूळ आहे, सशाच्या, मेंढीच्या, गाईच्या अंगावरचा रजःकण आहे, मोहरी आहे. पायऱ्या दहा. सातचा दहावा घात अठ्ठावीस कोटी चोवीस लाख पंच्याहत्तर हजार दोनशे एकोणपन्नास. दोन सेंटीमीटरच्या पेराला यानं भागलं तर उत्तर येतं सुमारे ७० हजार फर्मी. आणि हायड्रोजनच्या अणूची त्रिज्या आहे साधारण ५३ हजार फर्मी!

एवढं वाचून कुणाची छाती फुगली असेल तर क्षमा मागतो, पण हा योगायोग आहे. सातऐवजी आठाचा पाढा धरला, जसा कौटिल्यानं धरला, किंवा एखादी पायरी कमी केली, तर उत्तर कुठल्या कुठे जातं. सशाच्या केसावरची धूळ कुणी मोजून सातनं भागली नव्हती. ही कल्पनेची शिडी आहे, आणि कल्पना म्हणून ती मला फार आवडते. पण कल्पनेच्या शिडीवर उभं राहून फळीची लांबी फर्मीत सांगता येत नाही. त्यासाठी प्रत्येक पायरी खरोखर मोजून शेजारच्या पायरीला जोडावी लागते. अणूच्या बाबतीत हे काम गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत झालं, आणि ते करताना एकदा भलताच घोटाळाही झाला. त्याकडे येतोच.

त्याआधी आकाराचा अंदाज हवा. कंपासपेटीतली पंधरा सेंटीमीटरची पट्टी घ्या. आता मनातल्या मनात फर्मीचा मिलिमीटर करा, म्हणजे जे एक फर्मीचं आहे ते एक मिलिमीटरचं होईल. प्रोटॉनचा व्यास पावणेदोन फर्मीच्या जरासा आत आहे, तेव्हा तो होईल फोडणीतल्या मोहरीएवढा. हायड्रोजनच्या अख्ख्या अणूचा व्यास होईल शंभरेक मीटर. आणि ती पट्टी? तिच्यात दीडशे महापद्म फर्मी आहेत, ते मिलिमीटर झाले की पट्टी होते पंधरा कोटी किलोमीटरची. इथून थेट सूर्यापर्यंत. पट्टीवरचं मिलिमीटरचं एकेक घर दहा लाख किलोमीटरचं, चंद्राच्या अंतराच्या अडीचपट. प्रोटॉन मोहरी, तर कंपासपेटीतली पट्टी पृथ्वीपासून सूर्यापर्यंत. हे प्रमाण मला कुठल्याही घातांकापेक्षा जास्त कळतं.

याच चित्रात आणखी एक गोष्ट पाहा. पट्टी पोलादी असेल आणि खोलीचं तापमान एका अंशानं वाढलं, तर ती सुमारे पावणेदोन मायक्रॉननं लांबते. म्हणजे १७० कोटी फर्मी. आपल्या चित्रात हे सतराशे किलोमीटर होतात. पंखा बंद केला की पट्टीचं सूर्याकडचं टोक एवढं पुढे सरकतं! म्हणून माझ्या फळीच्या उत्तरातली ती नऊ शून्यं ही निव्वळ जागा भरणारी शून्यं आहेत. सुताराची पेन्सिल अर्धा मिलिमीटर जाड होती. त्याचं माप तीन आकड्यांपर्यंत खरं, पुढचं सगळं गुणाकाराचं देणं. ॲपला हे कळत नाही. ते सगळे आकडे त्याच आत्मविश्वासानं छापतं.

इंचाचंही तसंच. इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर हे १९५९ मध्ये इंग्रजी मापं वापरणाऱ्या देशांनी करार करून ठरवलं. त्याआधी अमेरिकेचा इंच ब्रिटनच्या इंचापेक्षा किंचित मोठा होता. फरक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी, कापड मापणाऱ्याला काय त्याचं? पण फर्मीत तो सात कोटींच्या वर भरतो.

फर्मी हे नाव रॉबर्ट हॉफस्टॅटर या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९५६ मध्ये सुचवलं. एन्रिको फर्मी दोनच वर्षांपूर्वी वारले होते. हॉफस्टॅटर स्टॅनफर्डला इलेक्ट्रॉनांचा मारा करून अणुकेंद्राचा आकार काढत होते आणि दर वेळी सेंटीमीटरचा उणे तेरावा घात लिहून कंटाळले असावेत. पुढे १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेनं ‘फेम्टो’ हा उपसर्ग मान्य केला. डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत पंधराला ‘फेम्टेन’ म्हणतात, त्यावरून तो आला. अठराच्या ‘अटेन’वरून ‘अट्टो’. मराठीतून उपसर्ग घ्यायचं ठरलं असतं तर आज आपण पंधरामीटर म्हणत असतो. फेम्टोमीटर आणि फर्मी दोन्ही एकच लांबी, आणि दोघांनाही एकच खूण चालते, ‘एफएम’. रेडिओवाल्यांनी रागावू नये.

आता तो घोटाळा.

क्ष-किरणांची तरंगलांबी मोजायची तर तिच्याएवढ्याच बारीक खाचांची चाळणी लागते. निसर्गानं ती स्फटिकांच्या रूपानं बनवून ठेवली आहे : अणूंचे थर एकावर एक, सारख्या अंतरावर. थरांमधलं अंतर ठाऊक असेल तर किरण कोणत्या कोनात परततो ते पाहून तरंगलांबी काढता येते. स्वीडनच्या माने सीगबान यांचा यात हातखंडा होता. १९२४ चं भौतिकीचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. ते कोन इतके अचूक मोजत, की मीटरशी जुळवाजुळव करण्याआधीच सहा-सहा आकडे हाती येत. म्हणून त्यांनी स्वतःचं एककच काढलं, एक्स-एकक. कॅल्साइटच्या स्फटिकातल्या थरांचं अंतर ३०२९.०४ एक्स-एकक आहे असं मानून घ्यायचं, आणि बाकी सगळं त्याच्या हिशेबात मोजायचं. हे एकक मीटरच्या उणे तेराव्या घाताएवढं, म्हणजे शंभर फर्मीचं व्हावं असा बेत होता.

पण कॅल्साइटचं ते अंतर मुळात आलं कुठून? स्फटिकाची घनता मोजता येते, त्याचं रासायनिक वजन ठाऊक असतं. ठरावीक घनफळात किती अणू आहेत हे कळलं की घनमूळ काढून अंतर मिळतं. अणूंची संख्या कळायला ॲव्होगाड्रोचा अंक हवा, आणि त्या काळी तो मिळे इलेक्ट्रॉनच्या भारावरून. इलेक्ट्रॉनचा भार मिळाला होता रॉबर्ट मिलिकन यांच्या प्रसिद्ध प्रयोगातून : तेलाचा बारीक थेंब हवेत पडू द्यायचा, विजेच्या ओढीनं वर खेचायचा आणि त्याचा वेग पाहायचा. थेंब किती सावकाश पडतो हे हवेच्या चिकटपणावर अवलंबून. आणि मिलिकननी वापरलेला हवेच्या चिकटपणाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी होता; चूक अर्ध्या टक्क्याहूनही लहान, पण होती.

चूक कशी झिरपत गेली पाहा. चिकटपणातली ती कमतरता इलेक्ट्रॉनच्या भारात दीडपट होऊन ०.६ टक्के झाली. तिथून ती ॲव्होगाड्रोच्या अंकात गेली. स्फटिकात घनमूळ काढताना तिचा तिसरा हिस्सा उरला, ०.२ टक्के. म्हणजे सीगबान यांचं एक्स-एकक शंभर फर्मीचं नव्हतं, १००.२ फर्मीचं होतं. पडणाऱ्या तेलाच्या थेंबाभोवतीची हवा जरा जास्त चिकट निघाली म्हणून जगातल्या सगळ्या स्फटिकांचे सगळे थर कागदावर एकमेकांच्या किंचित जवळ आले होते!

हे कळलं १९२०च्या दशकाच्या अखेरीस. काचेवर किंवा धातूवर हिऱ्याच्या टोकानं ओढलेल्या रेघांची जाळी क्ष-किरणांसाठी फारच ढोबळ असते. पण किरण तिच्यावर अगदी आडवा, जवळजवळ घासत सोडला तर रेघा त्याला दाट वाटतात आणि काम भागतं. या रेघांमधलं अंतर साध्या प्रकाशानं मोजता येतं, म्हणजे मीटरशी थेट नातं. अशा जाळीनं काढलेली तरंगलांबी स्फटिकानं काढलेल्या तरंगलांबीशी जुळेना. आधी संशय अर्थातच जाळीवर आला. मिलिकनवर संशय घ्यायला कुणाचा जीव धजावणार? तरी अखेर हवेचा चिकटपणा पुन्हा मोजला गेला, इलेक्ट्रॉनचा भार वाढला आणि स्फटिकांना त्यांची हक्काची जागा परत मिळाली. रूपांतराचा तो १.००२ चा गुणक त्यानंतर कित्येक वर्षं कोष्टकांत खाली टीप म्हणून राहिला.

ॲपमध्ये आपण फूट निवडतो, फर्मी निवडतो आणि उत्तर येतं, तेव्हा या शिडीची एकही पायरी दिसत नाही. आज ती बरीच भक्कम आहे. मीटर प्रकाशाच्या वेगाशी बांधलेला, प्रकाशाची तरंगलांबी त्यातून मिळालेली. तिथून अणूपर्यंतची पायरी सिलिकॉनच्या एका स्फटिकाची : त्यातल्या एका जातीच्या थरांमधलं अंतर एक लाख ब्याण्णव हजार पंधरा फर्मी आणि वर अर्ध्याहून थोडा अधिक. हे क्ष-किरण आणि लेसर दोन्ही एकाच हलत्या स्फटिकावर लावून, थर आणि तरंग शेजारीशेजारी मोजून काढलेलं आहे. लांबीच्या अधिकृत मोजणीत हे अंतर आता मान्य माप म्हणून वापरता येतं.

त्याच्या खाली, अणूच्या आत, पट्टी ठेवायला जागाच उरत नाही. तिथे ऊर्जेवरून लांबी काढतात. इलेक्ट्रॉनला जितका जोर द्यावा तितका त्याचा तरंग आखूड होतो, आणि तो आपल्याहून बारीक तपशील पाहू शकत नाही. हॉफस्टॅटर यांनी काही कोटी व्होल्टपासून सुरुवात केली, पुढे पंचावन्न कोटींपर्यंत गेले, तेव्हा प्रोटॉन हा टोकदार ठिपका नसून त्याला पसारा आहे हे दिसू लागलं. त्यांचा पहिला आकडा त्रिज्येसाठी ०.७४ फर्मी होता, चुकीला भरपूर वाव ठेवून. २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या पाउल शेरर संस्थेत इलेक्ट्रॉनऐवजी त्याचा दोनशे सात पट जड भाऊ म्युऑन प्रोटॉनभोवती फिरवून पाहिला. तो प्रोटॉनला जवळून घिरट्या घालतो, त्यामुळे आकाराची चाहूल त्याला जास्त लागते. उत्तर आलं ०.८४. तोवर सगळीकडे ०.८८ छापलं जात होतं. चार शतांश फर्मीसाठी पुढची काही वर्षं जोरात भांडण झालं. आता पारडं ०.८४ कडे झुकलेलं आहे.

खुद्द इलेक्ट्रॉनचं काय? पुस्तकांत ‘इलेक्ट्रॉनची अभिजात त्रिज्या’ म्हणून २.८२ फर्मी दिलेले असतात आणि विद्यार्थी बुचकळ्यात पडतो, कारण हे प्रोटॉनपेक्षा मोठं झालं. ती जुन्या सूत्रातून पडलेली एक संख्या आहे, इलेक्ट्रॉनचा आकार नव्हे. प्रत्यक्षात तो फर्मीच्या हजाराव्या भागापर्यंत तपासूनही ठिपक्यासारखाच वागतो. त्याहीखाली प्लांक लांबी नावाचा एक तळ मानतात. मुंबई-पुणे अंतरापुढे प्रोटॉन जितका क्षुद्र, साधारण तितकीच ती प्रोटॉनपुढे क्षुद्र. तिथे मोजलेलं मात्र काहीच नाही, म्हणून तिची चर्चा पुरे.

क्षेत्रफळाकडे वळलं की मात्र भलेभले चुकतात, कारण गुणकाचाही वर्ग करावा लागतो. अणुकेंद्राचं निशाण किती मोठं, हे मोजायचं एकक आहे बार्न, शंभर चौरस फर्मी. १९४२ च्या डिसेंबरात अणुबॉम्बच्या गुप्त कामावरच्या मार्शल हॉलोवे आणि सी. पी. बेकर यांनी जेवताना हे नाव शोधलं. आधी ओपेनहायमर आणि बेथे यांची नावं द्यायचा विचार झाला. पहिलं फार लांब पडलं, दुसरं ग्रीक बीटासारखं ऐकू येई. मग त्यांच्या लक्षात आलं, की न्यूट्रॉनच्या दृष्टीनं हे निशाण एखाद्या गोठ्याएवढं ऐसपैस आहे, म्हणून बार्न. आपल्याकडच्या तेहतीस फूट बाय तेहतीस फुटांच्या एका गुंठ्यात एकावर तीस शून्यं, आणि वर एक टक्का, इतके बार्न बसतात. परार्ध इथे केव्हाच मागे पडतो. सातबाऱ्यावर आधीच पुरेसा गोंधळ असतो, तेव्हा हे रूपांतर तलाठ्याला न सांगितलेलं बरं.

किलोमीटर आणि फर्मी एकाच वाक्यात आणावे लागतील अशी एक जागा आपल्या मराठवाड्यात होऊ घातली आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटरची, टोकाला आरसे. चार किलोमीटर म्हणजे चाळीस परार्ध फर्मी. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर टिपली, तेव्हा भुजेची लांबी सुमारे ०.००४ फर्मीनं बदलली होती. आरशाच्या पृष्ठभागावरचे अणू याच्या लाखो पटींनी थरथरत असतात. तरीही हे जमतं, कारण लेसरचा झोत काही सेंटीमीटर रुंद असतो आणि असंख्य अणूंच्या थरथरीची सरासरी घेतो. भुजेत तो शेकडो वेळा मागेपुढे जातो, तेव्हा कुठे बदल वाचण्याजोगा होतो.

आणि यंत्र दाखवतंय ते ०.००४ खरोखर ०.००४ च आहे हे कसं ठरवतात? चाळीस किलोच्या त्या आरशावर दुसरा एक लेसर मारतात. प्रकाशाचाही अगदी हलका धक्का बसतो. लेसरची शक्ती प्रमाण उपकरणानं मोजलेली असते, आरशाचं वजन ठाऊक असतं, तेव्हा आरसा किती सरकायला हवा याचा हिशेब करता येतो. मग यंत्राचं उत्तर त्याच्याशी ताडून पाहतात. हवेचा चिकटपणा या वेळी वाटेत येत नाही. भुजांमधली हवा काढून टाकलेली असते.

हिंगोलीत काम ऐन भरात येईल तेव्हा तिथेही काँक्रीट ओतायच्या आधी फळ्यांचे साचे ठोकावे लागतील. ते ठोकणारा सुतार टेप लावेल, कानावरची पेन्सिल काढेल आणि माप सुतातच सांगेल.